पियानोवादनातील रचनाकारांची जोडी

एकाच वादकाने एका मैफलीत दोन भिन्न प्रकृतींच्या रचनाकारांच्या कृती समोरासमोर मांडण्याचा पाश्चात्त्य संगीतातील प्रघात. स्वच्छंदतावादी रचनाकारांपैकी शोपॅं–शूमान व शोपॅं–लिस्ट या जोड्या विशेष रूढ आहेत.

प्रघाताचा उगम एकलवादनाच्या उगमाशी निगडित असून मतभेदही तेथेच आहेत. पूर्वी पियानोवादकाच्या जलशात गायक व इतर वादकही असत. फ्रांझ लिस्टने १८३९ मध्ये रोम येथे एकट्याने वादन केले आणि ९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समधील कार्यक्रमासाठी ‘रिसायटल’ (एकलवादनाचा कार्यक्रम) ही संज्ञा वापरली. काही अभ्यासक पहिल्या एकलवादनाचा मान पियानोवादक इग्नात्स मोशेलेसच्या १८३७ मधील सायंकालीन वादनांना देतात. परंतु त्यांत गायनही असल्याने लिस्टचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. अर्थात लिस्टच्या त्या कार्यक्रमात बेथोव्हनच्या ‘पॅस्टोरल’ सिंफनीच्या पियानो-रूपांतरापासून स्वतःच्या क्रोमॅटिक गॅलप या चपळ नृत्यरचनेपर्यंत सरमिसळ होती. रशियन पियानोवादक आंतोन रूबिनस्टाइनने १८८५-८६ मधील सात कार्यक्रमांच्या ऐतिहासिक मालिकेत एक संपूर्ण कार्यक्रम शूमानला दिला. तेव्हा निव्वळ दोन रचनाकारांची मांडणी रुळली ती बहुधा यानंतरच.

शोपॅं व शूमान दोघेही १८१० मध्ये जन्मले. शूमानने ‘क्रायसलेरियाना’ (१८३८) ही आठ भागांची पियानोकृती शोपॅंला अर्पण केली. शोपॅंने दुसरा बॅलड (कथात्म वळणाची पियानोकृती; कृती ३८, प्रकाशन १८४०) शूमानला. छापील बॅलड एफ मेजर या स्वरश्रेणीत सुरू होऊन ए मायनर या निराळ्या स्वरश्रेणीत संपतो. शोपॅंने आपल्याला तो एफ मेजरमध्येच संपवून ऐकवला होता, असे शूमानने १८४१ मध्ये नमूद केले आहे. हा प्रसंग १८३६ च्या लाइपसिक भेटीतला मानतात. त्यावरून काहींनी निराळ्या पूर्वपाठाची कल्पना मांडली. मैफलीपुरता मात्र छापील पाठच प्रमाण धरणे इष्ट. ‘क्रायसलेरियाना’च्या आठव्या व शेवटच्या भागात डाव्या हाताचे मंद्र स्वर ठेक्याबाहेर पडत राहतात आणि वादन अगदी हळू आवाजात संपते. लगेच बॅलड घेतल्यास त्याच्या आरंभीचा, पुन्हापुन्हा येणारा शांत ‘सी’ स्वर चपखल बसतो. उलट क्रमात ही सांधेजोड हाती लागत नाही. शूमानची वृत्ती खंडाखंडाला पालटते, शोपॅंची सुरावट गळ्यातून निघाल्यासारखी सलग चालते. लिस्टशी जोडी लावल्यास विरोध अधिक ठळक, पण पुष्कळदा तंत्राच्या पातळीवरच राहतो.

कोल्हापूरच्या श्रोत्याला अशी मांडणी अगदीच परकी नाही. तेथील गायन समाज देवल क्लब १८८३ चा. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या अल्लादिया खाँ यांच्या जयपूर-अत्रौली गायकीने बसंती केदारसारखे जोडराग तेथे कानवळणी पाडले. जोडरागात मात्र दोन राग एकमेकांत मिसळतात. येथे दोन्ही रचनाकार वेगळेच उरतात.

पावसाळी हवेत पियानोची लाकडी ध्वनिफळी फुगून स्वर चढतात, तेही सर्वत्र सारखे नव्हेत. पट्ट्यांच्या मधल्या भागात फरक अधिक जाणवतो. शूमानचे आतले सूर नेमके त्याच पट्ट्यांवर असल्याने कोल्हापुरी पावसात शोपॅंच्या कृतींपेक्षा शूमानच्या कृती लवकर बेसूर वाटू लागतात. म्हणून कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवणे आणि पियानो सभागृहात आणून काही दिवस हवेला रुळल्यावरच स्वरजुळणी करणे सोयीचे.