सुईचा एक अंश

पऱ्हाटीच्या पानामागचे तुडतुडे, फुलकिडे नीट दिसावेत म्हणून मी दोन वर्षांपूर्वी यूएसबी मायक्रोस्कोप घेतला. यंदा कापूस वेचून झाल्यावर तोच ओसरीवरच्या रेकॉर्ड प्लेअरपुढे मांडला. कारण एकच: एलपीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटून यायचे. पहिल्या गाण्यात तसं काही नव्हतं. आबा म्हणाले, “सुई गेली असन.” पण सुई नवी होती.

शेवटचंच गाणं का बिघडतं? एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच, म्हणजे आवाज कोरलेली बारीक चरी, सरकते. केंद्रापासून 6 सेंटिमीटरवर जेमतेम 21. म्हणजे ‘स’सारख्या आवाजातली 10,000 हर्ट्झची (सेकंदाला तितक्या कंपनांची) एक लाट बाहेर 51 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जागेत ऐसपैस बसते, आत तिला 21 मायक्रॉनच मिळतात. आपल्या कापसाचा एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन रुंद असतो. तेवढ्या जागेत ‘स’ची अख्खी लाट कोरलेली असते.

साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या 15 ते 18 मायक्रॉन. लंबगोल सुईच्या कडेची सुमारे 8, म्हणून ती त्या लाटेत शिरू शकते. मात्र कड जितकी धारदार, तितकी ती कशी उभी आहे याला महत्त्व येतं. मूळ तबकडीवर खाच कापणारं पातं किंचित कललेलं असतं. म्हणून वाजवणाऱ्या सुईची कडही रेकॉर्डच्या पृष्ठभागाशी 92 अंशांच्या आसपास असावी, असं मानतात. ती चुकली, की कडेचा वरचा भाग लाटेच्या एका जागी टेकतो आणि खालचा दुसऱ्या. लाट पुसट होते. गोल सुईला याचा फारसा फरक पडत नाही, त्यामुळे जुना पेटीवजा प्लेअर असेल तर ही खटपट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लाखेच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डवर तर एलपीची सुई टेकवूच नये. त्यांची खाच कितीतरी रुंद असते.

आता फोटो. डोळ्याने किंवा साध्या भिंगाने एक अंश कळत नाही. प्लेअर बंद ठेवून, रेकॉर्डच्याच जाडीची साधी काच तबकावर ठेवली आणि सुई तिच्यावर टेकवली. सुई हवेत धरून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. दीड-दोन ग्रॅमचा भार पडला की सुई धरणारी बारीक दांडी वाकते आणि कोन बदलतो. सपाट काचेवर आर्म (सुई पेलणारा लांब दांडा) बाहेर सरकू नये म्हणून त्याला बाहेर ओढणारं अँटीस्केट शून्यावर आणलं. मायक्रोस्कोप काचेच्या पातळीत, दांडीला अगदी काटकोनात हवा. तो जरा तिरपा असला तर आपण सुईचा नाही, आपल्याच चुकीचा कोन मोजतो. काचेचा इथे मोठा आधार होतो: सुई आणि तिचं प्रतिबिंब टोकाला टोक लावून दिसतात, आणि दोघांच्या बरोबर मधली रेषा म्हणजे पृष्ठभाग. वेगळी आडवी रेघ शोधावी लागत नाही.

मोजमाप फार नाजूक आहे. फोटोत सुईची कड 300 पिक्सेल उंच असेल, तर एक अंश म्हणजे वरच्या टोकाशी फक्त 5 पिक्सेल. एका फोटोवर भरवसा ठेवू नये. मी मायक्रोस्कोप दर वेळी नव्याने मांडून आठ फोटो घेतले. सरासरी आली साडेनव्वद अंश.

साधारण 230 मिलिमीटरच्या आर्मची मागची बाजू 4 मिलिमीटर उचलली की कोन एका अंशाने वाढतो. दीड अंशासाठी 6 मिलिमीटर. आर्मच्या बुडाचा स्क्रू ढिला करून तेवढी उंची वाढवली, भार पुन्हा तपासला, कार्ट्रिज (आर्मच्या टोकाची सुई बसवलेली डबी) पुढेमागे सरकलं नाही ना ते कागदी मापकावर पाहिलं. हे शेवटचं विसरू नका, कारण कार्ट्रिजची जागा चुकली तरी ‘स’ असाच फाटतो.

नव्या फोटोंत कोन 92च्या आगेमागे आला. संध्याकाळी तीच रेकॉर्ड लावली. शेवटच्या गाण्याला आबा खाटेवर उठून बसले. “आता कसं मोकळं आयकू येते!”

समोरून घेतलेल्या फोटोत मात्र सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत नाहीत; कार्ट्रिज उजवीकडे थोडं झुकलंय. उद्या सकाळी तेवढं पाहायचं आहे.