देहविक्रय करणाऱ्या महिलांना आधार, रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र : कोण पात्र, कागद कोणते, अर्ज कुठे

वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. कुणी या महिलांना पीडित मानतं, कुणी कामगार. दोन्ही बाजू आपल्या म्हणण्याला प्रामाणिक असतील, तर निदान एका बाबतीत त्यांचं एकमत व्हायलाच हवं : बाईच्या हातात तिचे कागद पडले पाहिजेत. सुदैवाने त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आधीपासून आहेत.

अडचण मुळात पत्त्याची असते. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने एकटीने हे काम करणं हा सरसकट गुन्हा नाही. मात्र दोघी जणी एका खोलीत राहून हे काम करू लागल्या, की कायद्याच्या व्याख्येत ती खोली कुंटणखाना ठरू शकते आणि माहीत असून ती भाड्याने देणारा मालक आरोपी. मग भाडेकरार कोण लिहून देणार? कामाठीपुरा असो, पुण्याची बुधवार पेठ असो की नागपूरची गंगाजमुना, खोलीत निम्मं आयुष्य गेलेल्या बाईकडेही त्या खोलीचा पुरावा नसतो. सरकारचाच एक कायदा पत्त्याचा कागद मिळू देत नाही आणि सरकारचंच दुसरं खातं तोच कागद मागतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

आधारसाठी यावर उपाय निघाला आहे. 19 मे 2022 च्या आदेशानुसार पत्त्याच्या पुराव्याऐवजी ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. तो राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतील (नॅको) राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक देतात. वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेकडे नाव असेल, तर त्या संस्थेच्या ताईंमार्फत दाखल्याची मागणी करणं सोपं पडतं. दाखला आणि भरलेला अर्ज घेऊन आधार केंद्रावर जायचं. बोटांचे ठसे, डोळ्यांची छायाचित्रं आणि फोटो तिथेच घेतात. नवीन नोंदणीला पैसे लागत नाहीत. नोंदणी क्रमांकाची पावती जपून ठेवा; चौकशीसाठी 1947 वर फोन करता येतो.

कार्डावरून धंदा कळेल, अशी धास्ती बहुतेकींना असते. ती रास्त आहे, म्हणूनच न्यायालयाने स्पष्ट बजावलं आहे : नोंदणी क्रमांकात ओळख उघड करणारा कुठलाही कोड घालायचा नाही आणि प्रक्रियेत गोपनीयता मोडायची नाही.

रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र द्यावं, असा आदेश 14 डिसेंबर 2021 चा. रेशनकार्डाचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात द्यायचा. खिडकीवर बहुधा पहिला प्रश्न येतो, 'नवऱ्याचं नाव?' इथे गप्प बसू नका. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे पात्र कुटुंबातली 18 वर्षं पूर्ण झालेली सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. त्यामुळे मुलांसह एकटी राहणारी बाई स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते.

मतदार नोंदणीसाठी नमुना 6 भरायचा. वय 18 पूर्ण हवं. पत्त्याचा कागद नसेल, तर बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. तो येईल तेव्हा कुणीतरी ओळख पटवणारं हजर राहील, एवढी व्यवस्था करून ठेवा.

मुलांच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव नसलं म्हणूनही अडून बसू नये. एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं आहे.

आणखी एक. हे कागद मागताना 'धंदा सोडला' असं लिहून द्यावं लागत नाही. कुणी तशी अट घातली, तर ती अट लेखी मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टाळाटाळ झालीच, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. 1987 च्या कायद्याने तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.