विजेपुढे सगळेच पायाळू

वळवाचं आभाळ भरून आलं की आमच्या घरी पहिली हाक आत्याला जायची, "आक्का, तू आधी आत हो!" आत्या पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तिचा पाय लावून घ्यायला माणसं यायची. पण विजा कडाडू लागल्या की तिने उंबऱ्याबाहेर दिसायचं नाही, कारण पायाळूवर वीज पडते ही पक्की समजूत. आत्या माजघरात, आणि आम्ही पोरं वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वेचायला आंब्याखाली! आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

समजूत खोटीच आहे. कोण कसा जन्मला हे विजेला कळायचं कारण नाही. पण विजेचा आणि पायांचा संबंध मात्र खरा आहे, फक्त तो आत्यापुरता नाही.

वीज म्हटलं की आभाळातून थेट डोक्यावर आलेला लोळ डोळ्यांपुढे येतो. अभ्यासकांच्या अंदाजाने विजेच्या तडाख्यात सापडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जणांवर ती अशी थेट पडते. जवळपास निम्म्या लोकांना ती जमिनीतून गाठते.

आमच्या बांधावरच्या लिंबावर एकदा वीज पडली. सकाळी जाऊन पाहिलं, तर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वीतभर रुंद सालीचा पट्टा सोलून निघालेला, आतलं ओलं पांढरं लाकूड उघडं. सालीचे तुकडे वीस पावलांवर नांगरटीत जाऊन पडलेले. जळाल्याची खूण मात्र जवळजवळ नाही. विजेच्या वाटेत तापमान ३०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. सालीखालच्या रसाची क्षणात वाफ होते आणि ती वाफ साल फोडून बाहेर पडते.

अशा झाडाला टेकून कुणी उभा असेल तर? ओल्या लाकडापेक्षा माणसाचं अंग विजेला सोपी वाट वाटते, म्हणून ती खोडावरून माणसावर उडी घेते. दहा पावलं लांब उभं राहिलं तरी सुटका नाही. झाडातून उतरलेला प्रवाह जमिनीत चारी बाजूंना पसरतो आणि लांब जाईल तसा त्याचा जोर उतरतो. म्हणजे एक पाय बुंध्याच्या बाजूला आणि दुसरा लांब असेल, तर दोन पायांखालच्या जमिनीत विजेचा दाब वेगवेगळा असतो. तेवढा फरक पुरतो. प्रवाह एका पायाने चढतो, दुसऱ्याने उतरतो.

साधा हिशेब मांडून पाहू. ३०,००० अँपिअरची वीज (घरातला गिझर नऊ-दहा अँपिअर घेतो) मध्यम ओलीच्या मातीत उतरली, तर बुंध्यापासून दहा मीटरवर दर मीटरमागे ४,८०० व्होल्टच्या आसपास फरक पडतो. फुटा-दीड फुटाच्या पावलात दीड-दोन हजार व्होल्ट. गाय-बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर, म्हणजे सात हजार, आणि वाटेत काळीज. झाडाखाली बांधलेली जनावरं दगावतात आणि कधी कधी शेजारचा माणूस वाचतो, त्याचं एक कारण हे. नॉर्वेत हार्डांगरविद्दा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेले.

पायात रबरी चप्पल आहे म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. दोन-तीन किलोमीटर हवा फाडून आलेल्या विजेला बोटभर रबराचं काय कौतुक? मोटारीत माणूस वाचतो तोही टायरमुळे नव्हे, तर पत्र्याच्या टपामुळे. वीज पत्र्यावरून वाहत बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. म्हणून काचा वर, हात मांडीवर. दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर यात धरू नका.

देशात वीज पडून २०२२ मध्ये २,८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यात शेतावरची माणसं फार, कारण पाऊस आला की पाय आपोआप झाडाकडे वळतात. खरा आसरा म्हणजे पक्कं घर. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, मचाण, पाल हे नव्हे. घरातही नळाखाली भांडी घासणं, अंघोळ, चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरणं टाळावं. नुसता मोबाइल वीज ओढून घेत नाही. आसरा लांबच असेल तर उंच झाड, विहिरीचं पाणी आणि तारेचं कुंपण टाळून तिकडे चालत राहावं. जमिनीवर आडवं होऊ नये.

चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. पण गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आलो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं. मोबाइलला रेंज असेल तर फार कामाचं.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर शेणात पुरण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन लावावा आणि छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहावं. बंद पडलेलं काळीज अशाने पुन्हा चालू होऊ शकतं.

शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबायचं. तोवर कैऱ्या कुठे जात नाहीत.