हातातली तार आणि दूरची गाडी

२७ नोव्हेंबर १९८८, रविवार. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनच्या रिले-खोलीत (रिले म्हणजे सिग्नल चालवणारे विजेचे खटके) एक तंत्रज्ञ जुन्या सिग्नलच्या तारा काढून नव्या जोडत होता. त्या भागातली सगळी सिग्नल यंत्रणाच बदलायची होती, त्यातलाच हा एक तुकडा. नवी तार त्याने नीट जोडली. जुन्या तारेचं रिलेकडचं टोक सोडवलं, पण फ्यूजकडचं टोक तसंच जोडलेलं राहिलं. सोडवलेलं टोक कापून आखूड करायचं, त्यावर नवी टेप गुंडाळायची आणि ते दूर बांधून टाकायचं, अशी पद्धत होती. ते टोक मात्र उघडंच, नुसतं बाजूला वाकवलेलं राहिलं. तांब्याला स्प्रिंगसारखा थोडा ताण असतो, त्यामुळे वाकवलेली तार मूळ जागी परतू पाहते.

दोन आठवडे काहीच झालं नाही. ११ डिसेंबरला त्याच खोलीत शेजारचा एक रिले बदलायचं काम निघालं. त्या हालचालीत जुनी तार सरकली आणि तिचं उघडं टोक पुन्हा आपल्या जुन्या जागी टेकलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी आठच्या सुमारास ऑफिसला जाणाऱ्यांनी भरलेली एक गाडी सिग्नलपाशी थांबली होती. मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाला लाल दिवा दिसायला हवा होता, तो दिसलाच नाही. मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळली आणि उलट दिशेने येणारी तिसरी, रिकामी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ३५ माणसं गेली, जखमींची संख्या पाचशेच्या घरात होती.

हा अपघात मी कामावरच्या सुरक्षिततेचा विषय समजावताना नेहमी आधी सांगतो, कारण रेल्वे आणि बांधकामातल्या मोठ्या धोक्यांबद्दल आपण सहसा जिथे बघतो तिथे तो नव्हताच. त्या खोलीत कुणाचं बोटसुद्धा कापलं नव्हतं.

आधी सिग्नल कसा चालतो ते पाहू, कारण तो मला माणसाच्या बुद्धीच्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. रुळाचा ठरावीक लांबीचा तुकडा इतर तुकड्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. वीज एका रुळातून जाते, रिलेमधून फिरते, दुसऱ्या रुळातून परत येते. ती वाहत असते तोवर रिलेचा लोखंडी तुकडा वर उचललेला राहतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात. विजेला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत ती पोहोचत नाही, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने १८७२ मध्ये हे शोधलं आणि आजही जगभर ते वापरात आहे.

यातली खुबी रिलेच्या ‘पडण्यात’ आहे. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ तडकला, तरी रिले पडतो आणि दिवा लालच होतो. त्याला खाली ओढायला वीज लागत नाही. ते काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि गुरुत्वाकर्षण कधी सुट्टीवर जात नाही. म्हणजे यंत्र बिघडलं तर गाड्या खोळंबतील, पण आदळणार नाहीत. इतकी पक्की व्यवस्था फक्त एकाच तऱ्हेने फसवता येते. रिलेला भलत्याच वाटेने वीज मिळाली, तर रुळावर गाडी उभी असूनही तो वरच राहतो. क्लॅपहॅमच्या त्या जुन्या तारेने नेमकं हेच केलं.

चौकशी अँथनी हिडन या विधिज्ञांकडे होती. त्यांनी त्या तंत्रज्ञाच्या कामाचे दिवस मोजले, तेव्हा तेरा आठवड्यांत त्याला एकच दिवस सुट्टी मिळाल्याचं दिसलं. तार कापून न टाकण्याची त्याची सवय जुनी होती आणि इतक्या वर्षांत ती कुणी तपासलीही नव्हती, सुधारलीही नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. काम झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी प्रत्येक जोडावरच्या तारा मोजून नकाशाशी ताडून पाहायच्या असतात. ही मोजणी झालीच नव्हती. ती झाली असती तर एक तार जास्त निघाली असती. अहवालात एकूण ९३ शिफारशी होत्या. सिग्नलवर काम करणाऱ्यांच्या तासांना मर्यादा आली आणि चाचणीची पद्धत नव्याने बांधली गेली.

आता आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या साइटवर जा. फाटकापाशी पाटी दिसते, ‘अपघाताविना इतके दिवस’. आकडा रोज वाढतो. या विचाराचं मूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये एक प्रमाण मांडलं. एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा असतात, आणि इजा न होताच टळलेले ३०० प्रसंग. लोकांनी त्यातून अर्थ काढला की किरकोळ इजा कमी केल्या की मृत्यू आपोआप कमी होतील. तसं घडत नाही, असा अनुभव पुढे अनेक उद्योगांना आला. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ जण गेले. त्याच दिवशी कंपन्यांचे अधिकारी तराफ्यावर आलेले होते, आणि भेटीचं एक निमित्त होतं कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न झालेल्या सात वर्षांचं कौतुक. पाय घसरणं, बोट चिमटणं यांची नोंद तिथे काळजीपूर्वक होत होती. विहिरीच्या पोटातला दाब त्या वहीत मावणारा नव्हता.

मृत्यूचं गणित वेगळ्या एककात मांडावं लागतं. ते एकक म्हणजे ज्यूल, म्हणजेच ऊर्जा. शरीर मोडतं ते त्याच्यावर येऊन आदळणाऱ्या ऊर्जेमुळे. दोन किलोचा हातोडा दहाव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण ३० मीटरवरून सुटला, तर खाली पोहोचताना त्याच्यात सुमारे ५९० ज्यूल असतात. आपण हेल्मेटवर फार विसंबतो. युरोपीय मानकानुसार औद्योगिक हेल्मेटची मुख्य चाचणी ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून होते, म्हणजे जेमतेम ४९ ज्यूल. हातोड्याची ऊर्जा त्याच्या बारा पट आहे. हेल्मेट घालायलाच हवं, त्याने पुष्कळ डोकी वाचतात. पण दहाव्या मजल्यावरच्या हातोड्याला उत्तर हेल्मेट नव्हे. उत्तर आहे हातोड्याला बांधलेली दोरी, परांचीच्या कडेची फळी, आणि वर काम चालू असताना खाली कुणी नसणं.

सत्तर किलोचा माणूस एका मजल्यावरून, तीन मीटरवरून पडला तरी दोन हजार ज्यूल होतात. एक टनाची वस्तू ३० मीटरवरून आली तर तीन लाखांच्या आसपास. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र गर्डरसकट कोसळलं आणि वीस कामगार गेले. त्या वजनाखाली अंगावरचं कुठलंही साधन अर्थशून्य ठरतं. तिथे माणूस वाचवायचा तर यंत्राची उभारणी, आधार, बोल्ट आणि वजन सरकवण्याचा क्रम आधीच तपासलेला असावा लागतो, आणि तपासणारा माणूस कामाच्या घाईपासून वेगळा असावा लागतो. क्लॅपहॅमला तारा मोजायच्या होत्या, इथे जोड मोजायचे असतात. मला दोन्ही एकच काम वाटतं.

रुळावर काम करणाऱ्यांच्या वाट्याला ही ऊर्जा सर्वांत उघड रूपात येते. हजार टनांची गाडी ताशी १३० किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात सुमारे ६५ कोटी ज्यूल असतात. हे सगळ्यांना कळतं, तरीही ट्रॅकमन गाडीखाली येतात आणि लोक म्हणतात, ‘दिसली कशी नाही?’ याचं उत्तर डोळ्यांच्या भूमितीत आहे. इंजिनाचं तोंड साधारण तीन मीटर रुंद असतं. १३० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते, म्हणजे ती पोहोचायला दहा सेकंद असताना ३६० मीटरवर असते. तेवढ्या अंतरावरून तीन मीटरची वस्तू डोळ्याला जवळपास अर्धा अंश दिसते. पौर्णिमेचा चंद्रही आपल्याला तेवढाच दिसतो. पोहोचायला वीस सेकंद असताना तिची रुंदी चंद्राच्या निम्मी होती. दहा सेकंदांत ती फक्त अर्ध्या चंद्राची पूर्ण चंद्र झाली, आणि समोरून सरळ येत असल्याने डावी-उजवीकडे सरकलीही नाही. डोळ्याला वेग कळतो तो सरकण्यावरून आणि फुगण्यावरून. हे फुगणं शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकदम होतं. शिवाय मोठ्या वस्तू मेंदूला आहेत त्यापेक्षा सावकाश येताना वाटतात. हर्शेल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांसंदर्भात हा भ्रम मांडला होता.

राहिले कान. ३ जुलै २०१९ ला वेल्समध्ये मार्गम इथे दोन ट्रॅक कामगार गाडीखाली गेले. सोबतचा तिसरा थोडक्यात बचावला. ते सांध्याचा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाचा, मोठा बोल्ट सैल करत होते आणि पेट्रोलवरचं अवजार कर्कश आवाज करत होतं. चौकशीनुसार त्यांच्या कानांवर आवाजापासून वाचवणारी कवचं असणार, हे जवळपास निश्चित आहे. कान वाचवायला दिलेल्या साधनानेच गाडीचा भोंगा अडवला असावा. लाइन चालू होती, म्हणजे त्या रुळावरून गाड्या जात होत्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये चालू लाइनवर नुसत्या पहारेकऱ्याच्या भरवशावर काम करणं मोठ्या प्रमाणावर थांबवण्यात आलं. माणसाच्या नजरेला इतकं मोठं काम सोपवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. मला हे फार योग्य वाटतं.

आपल्याकडे रूळ उघडून काम करायचं असेल तर ‘ब्लॉक’ घेतात, म्हणजे तेवढा वेळ तिथून गाडीच जात नाही. ज्या कामात गाडी थांबवावी लागू शकते, तिथे रुळांवर आडवं लाल बॅनर ६०० मीटरवर आणि तीन फटाके १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने लावायची पद्धत आहे. हे फटाके रुळावर बांधलेले असतात आणि चाकाखाली आले की फुटतात. १२०० मीटर कापायला १३० च्या वेगाने ३३ सेकंद लागतात, आणि भरधाव गाडी थांबायला साधारण किलोमीटरभर जागा लागते. म्हणजे तो आकडा भौतिकशास्त्राने ठरवलाय. पाठीवर अवजारं घेऊन एवढं अंतर चालत जाऊन फटाके बांधणाऱ्या माणसाला, ‘चल रे, पाच मिनिटांचं तर काम आहे’ असं म्हणणं किती महाग पडू शकतं, ते यातून कळावं. मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकला आपण वैतागतो. गाडी नसलेल्या रुळावर माणसं काम करताहेत, त्याची किंमत म्हणजे हा वैताग, आणि ती मला स्वस्त वाटते.

धोका समोर असेल तर निदान भीती तरी वाटते. तारेला हात लावणाऱ्याला ती वाटत नाही. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला होता, पण सांधा बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता. तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या जोडणीतल्या आधीच्या बदलांतल्या चुकांचं आणि त्याच दिवशी जवळच्या फाटकाचं विजेवर चालणारं अडसर-यंत्र बदलण्याच्या कामाचं. पस्तीस वर्षांचं अंतर, दोन वेगळे देश आणि पुन्हा तारांची पेटी. पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात शून्य ज्यूल असतात. तो ज्यांना आज्ञा देत असतो ते कोट्यवधी ज्यूल त्याला दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, अजून स्टेशनातसुद्धा आलेले नसतात. म्हणूनच अशा कामात ‘सावध राहा’ ही सूचना अपुरी आहे. सावध माणूसही दमतो, त्याचं लक्ष उडतं. तो चुकणार हे धरूनच पुढची मोजणी, पुढची चाचणी, पुढचा अटकाव आखावा लागतो.

१५ ऑगस्ट २०१७ ला लंडनच्याच वॉटर्लू स्टेशनात हे अगदी जवळून दिसलं. फलाट वाढवण्याचं मोठं काम चालू होतं. सांधा नीट बसलाय की नाही हे सांगणाऱ्या सर्किटमध्ये चाचणीसाठी म्हणून जादा तार जोडली गेली होती. नकाशात ती नव्हती आणि ती तशीच राहिली. पहाटे निघालेल्या प्रवासी गाडीला सांधा बरोबर आहे असं समजून वाट दिली गेली, आणि ती भलतीकडे वळली. क्लॅपहॅमचे धडे विसरले जाताहेत, अशी चिंता ब्रिटनच्या अपघात तपास विभागाने नंतर अहवालात नोंदवली.

वॉटर्लूला कुणालाही इजा झाली नाही. गाडी हळू होती. आणि ती वळली त्या बाजूला कामाच्या जागेआड मालडब्यांची एक रांग मुद्दाम उभी केलेली होती, एखादी गाडी चुकून आलीच तर पुढे जाऊ नये एवढ्यासाठी. गाडी त्या डब्यांना घासून थांबली.