सर्ज, हाय व्होल्टेज आणि ओव्हरलोडपासून घरातल्या उपकरणांचं संरक्षण (ठाणे–नवी मुंबई)

टीव्ही, फ्रिज, राउटर, कॉम्प्युटर वगैरे वस्तू व्होल्टेज चढल्यामुळे किंवा वायरिंगवर जास्त लोड आल्यामुळे जळू नयेत म्हणून घरात जी सोय करतात तिची ही नोंद. ठाणे आणि नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरणची लाइट आहे, मुंब्रा-शीळ-कळवा पट्ट्यात २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बघते, पण घरात येणारा सप्लाय सगळीकडे तोच, सिंगल फेज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्पाइक गार्ड (व्होल्टेजचा झटका अडवणारा एक्स्टेंशन बोर्ड) आणून लावला की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण बिघाड तीन तऱ्हेचे असतात आणि स्पाइक गार्ड त्यातल्या एकावरच चालतो.

तो एक म्हणजे सर्ज. आसपास वीज पडली, लाइट जाऊन परत आली किंवा पंपाची मोटर बंद झाली की काही मायक्रोसेकंद व्होल्टेज एकदम उसळतं, कधी हजारांत. स्पाइक गार्डच्या आत झिंक ऑक्साइडची चकती असते, एमओव्ही म्हणतात तिला. एरवी ती गप्प असते, व्होल्टेज ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की तीच करंट ओढून घेते. दर झटक्याला ती थोडी झिजते, आणि बोर्डावरचा लाल दिवा बऱ्याचदा फक्त सप्लाय आहे एवढंच सांगतो, चकती शाबूत आहे की नाही ते नाही. मेन डीबीत, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीत, बसवायचा एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) याहून दणकट, पण त्याला अर्थिंग धड लागतं, आणि खाडीकाठच्या दमट हवेत अर्थिंगचे जोड गंजतात ते कोणी उघडून बघत नाही. शिवाय सर्ज फक्त प्लगमधून येतो असं थोडंच आहे, या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबणाऱ्या केबल आणि इंटरनेटच्या वायरींतूनही येतो, म्हणून मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लगबरोबर त्या वायरीही काढलेल्या बऱ्या.

दुसरा बिघाड न्यूट्रल सुटण्याचा, आणि खरी भीती याचीच बाळगावी. बिल्डिंगमध्ये तीन फेज, म्हणजे तीन जिवंत वायरी, येतात, फ्लॅट त्यांच्यावर वाटलेले असतात, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, मात्र सगळ्यांचा एकच. तो मीटर रूममध्ये किंवा बाहेरच्या फीडर पिलरमध्ये (रस्त्यावरच्या वीजपेटीत) ढिला झाला किंवा जळाला की दोन फेजमधलं ४०० व्होल्ट फ्लॅटांमध्ये लोडच्या हिशोबाने वाटलं जातं, म्हणजे ज्याच्याकडे एसी-गिझर चालू त्याचे दिवे मंद होतात आणि ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि राउटर चालू त्याच्याकडे ३०० च्या वर चढतं. चार्जर किंवा टीव्हीच्या सप्लायमध्ये एसीचं डीसी होताना २३० चे साधारण ३२५ होतात, ३०० चे ४२४, आणि आतला कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा, तो किती वेळ तग धरणार! हे व्होल्टेज मिनिटंच्या मिनिटं टिकतं, त्यामुळे एमओव्ही तापून स्वतःच जळते, डीबीतल्या आरसीसीबी स्विचचा तर इथे संबंधच नाही, तो करंट जमिनीत गळू लागला तर लाइन तोडण्यासाठी. यावर इलाज म्हणजे डीबीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, तो साधारण २७० च्या आसपास लाइन तोडतो. काही दिवे मंद, काही भगभगीत असं दिसलं की आधी मेन बंद करायचा, मग वायरमनला किंवा १९१२ ला फोन.

१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा ४०० केव्ही लाइनींच्या बिघाडातून मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट गेली होती. इतकं मोठं काही नसलं तरी लाइट आल्या आल्या सगळं चालू करू नये, पाचेक मिनिटं स्थिर राहू द्यावी. फ्रिज-एसीच्या कॉम्प्रेसरला तसाही तेवढा वेळ लागतोच.

तिसरा ओव्हरलोड, यात व्होल्टेज ठीक असतं, करंट जास्त होतो. छोट्या पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॅट, आणि त्याला लावलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री आणि किटली एकदम लावली तर ११ अँपिअरच्या आसपास जातं, मग प्लग पिवळा पडतो, वास येतो. गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह यांना १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणारे वायरमन आहेत, आणि जुन्या चाळींत किटकॅट फ्यूजमध्ये (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) जाड तांब्याची तार भरणारेही. एमसीबी मुळात भिंतीतल्या वायरीसाठी असते, त्यामुळे वायर अडीच एमएमचीच ठेवून एमसीबी वाढवली तर जळायची पाळी वायरीवर येते.