जिओटॅग फोटो (नकाशाच्या सॉफ्टवेअरमधला वापर)

फोटो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश ज्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेले असतात तो जिओटॅग फोटो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर क्लिक केल्याबरोबर ही माहिती फाइलच्या एक्झिफ नावाच्या भागात जाते, तिथेच तारीख-वेळ आणि उंची असते, आणि बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही. एक्झिफचं मानक १९९५ मध्ये जपानात ठरलं. असे फोटो क्यूजीआयएससारख्या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले की प्रत्येक फोटोचा एक ठिपका नकाशावर पडतो.

कोकणात आता हे काही नवीन राहिलेलं नाही. ई-पीक पाहणीत बागायतदार कलमांच्या बागेत उभं राहून फोटो काढतो, घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो लोकेशनसकट जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, तशा वेळी कुठल्या गटात काय पडलं हे दाखवायला गट नंबरच्या नकाशावर बसवलेल्या फोटोंसारखा पुरावा नाही.

पण इथे एक मोठी गल्लत होते. फोटोवर खाली पत्ता आणि अक्षांश-रेखांशाची पट्टी छापणारे कॅमेरा ॲप सगळ्यांकडे असतात आणि ती पट्टी दिसली की फोटो जिओटॅग झाला असं धरलं जातं, पण पट्टी हा फोटोचाच भाग, नुसती रंगाची टिंबं, सॉफ्टवेअर ती वाचत नाही, ते एक्झिफ वाचतं. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की पट्टी तशीच राहते आणि एक्झिफमधलं लोकेशन निघून जातं. म्हणून ग्रुपवर जमा केलेले शंभर फोटो नकाशावर एक ठिपका देत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवले किंवा केबलने थेट कॉपी केले तर मूळ फाइल शाबूत राहते.

क्यूजीआयएसमध्ये काम सोपं आहे. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज’ हे टूल शोधायचं, फोटोंचं फोल्डर द्यायचं, आत आणखी फोल्डर असतील तर तेही बघायला सांगायचं, बस. ठिपक्यांचा थर (लेयर) तयार होतो आणि त्याच्या तक्त्यात फोटोची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, उंची, दिशा, वेळ हे सगळं येतं. ज्यात लोकेशन नाही असे फोटो हवे तर वेगळ्या यादीत निघतात, ती यादी जरूर काढावी, नाहीतर काय सुटलं ते कळतच नाही. थर ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशांत येतो (ईपीएसजी हा जागा मोजायच्या पद्धतीचा क्रमांक), मीटरमध्ये अंतर मोजायचं तर कोकणासाठी यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमधली पद्धत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ वापरावं. फोल्डर नंतर हलवलं तर ठिपके राहतात पण फोटो उघडत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठिपका फोटो काढणारा कुठे उभा होता ते सांगतो, फोटोत काय आहे त्याची जागा सांगत नाही. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाचे कितीही फोटो काढा, सगळे ठिपके हर्णैच्या वाळूत पडणार आणि किल्ला समुद्रात एकटाच राहणार. यावर उपाय दिशेचा, ठिपक्याऐवजी बाण घ्यायचा आणि तो तक्त्यातल्या दिशेच्या रकान्याप्रमाणे फिरवायचा, म्हणजे कुठून कुठे बघत होतो ते दिसतं. मात्र दिशा फोनच्या होकायंत्रातून येते. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुईच भरकटते, तिथे बाणावर विसंबू नये, शिल्पाची जागा उपग्रहाच्या चित्रावर बघून हाताने टिपावी. काशेळीच्या हत्तीसारखं शिल्प तर १८ मीटर लांब आहे, त्याच्या सोंडेपाशी काढलेला आणि शेपटीपाशी काढलेला फोटो एकाच ठिपक्याने दाखवून कसं चालेल? (कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तेव्हा नोंदी नीट व्हायलाच हव्यात.)

अचूकतेचं म्हणाल तर उघड्या सड्यावर चांगला फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो, दाट पोफळीत किंवा घाटाच्या कड्याखाली ती बरीच सरकते. ॲप उघडल्या उघडल्या फोटो काढला तर कधी मागच्या ठिकाणचंच लोकेशन चिकटतं, थोडं थांबून काढावा. उंचीने तर नवा माणूस घाबरतोच, कारण मालवणच्या पुळणीवर उभं राहून काढलेल्या फोटोत उंची उणे ६०-७० मीटर दिसू शकते. फोन बिघडलेला नसतो. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या गणिती अंडाकृती पृष्ठापासून मोजली जाते आणि आपल्या किनाऱ्याला समुद्रसपाटी त्या पृष्ठाच्या तेवढी खाली आहे.

लोकेशन नसलेल्या साध्या कॅमेऱ्याचे फोटोही बसवता येतात. मोबाइलवर चाललेल्या वाटेचा जीपीएक्स ट्रॅक (कुठल्या वेळी कुठे होतो याची फाइल) चालू ठेवायचा आणि नंतर एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रामने वेळ जुळवून प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश भरायचे. ट्रॅकची वेळ जागतिक असते, कॅमेऱ्याची आपली, म्हणजे साडेपाच तास पुढे, हा फरक नीट धरला गेला नाही तर फोटो भलतीकडेच जातात. कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असतंच, म्हणून निघताना मोबाइलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवावा, फरक किती ते त्यावरून कळतं.

आणि देताना जपून द्या. वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, सापडलेल्या घरट्याचा फोटो मूळ फाइलसकट कुणाला पाठवला की घरट्याचा पत्ताच पाठवल्यासारखं आहे. अशा वेळी नकाशावर फक्त गावाचं नाव ठेवावं आणि फोटोतलं लोकेशनही एक्झिफटूलने काढून टाकावं, नुसता थर लपवून भागत नाही.