पार्श्वभूमी : रशियाचा 'शेवटचा देहदंड' आणि गोर्की-१० चा खुनी

मार्च २०२४ मध्ये मॉस्कोच्या वेशीवरच्या संगीत सभागृहावर दहशतवादी हल्ला झाला आणि रशियात एक जुना वाद पुन्हा वर आला. देहदंडावरची स्थगिती उठवायची का? सत्ताधारी पक्षाचे नेते 'विचार करू' म्हणाले, राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यांनी तूर्त तसा विषय नसल्याचं सांगितलं. या वादात दरवेळी एका माणसाचा उल्लेख होतोच. सर्गेई गोलोव्किन. २ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोच्या तुरुंगात त्याला गोळी घालण्यात आली आणि त्यानंतर रशियानं कुणालाही देहदंड दिला नाही, असं सर्रास सांगितलं जातं. देहदंडाच्या बाजूचे लोक म्हणतात, असल्या माणसासाठी तरी ही शिक्षा हवी. विरोधक म्हणतात, त्याच्यापाशी थांबलो ते बरं झालं. आपण त्याच्यापाशी थांबायचं ठरवलं होतं, असं दोघंही गृहीत धरतात. ते तसं झालेलं नाही.

आधी त्याच्याविषयी. जन्म १९५९, शिक्षण मॉस्कोच्या नामांकित कृषी संस्थेत, १९८२ मध्ये पदवी. नोकरी मॉस्कोच्या पश्चिमेला ओदिन्त्सोवो जिल्ह्यातल्या गोर्की-१० या वस्तीतल्या घोड्यांच्या स्टड फार्मवर, पशुसंवर्धन तज्ज्ञ म्हणून. ही वस्ती ज्या महामार्गालगत आहे, तिथे आज रशियातल्या सर्वांत महागड्या हवेल्या आहेत, सरकारी बंगले तर तेव्हाही होते. पण १९८० च्या दशकात गोर्की-१० म्हणजे तबेले, कुरणं, पाइन-बर्चची जंगलं आणि शेतीकामगारांच्या इमारती. गावातली पोरं घोड्यांच्या ओढीनं फार्मवर यायची. अबोल, एकलकोंडा, कामात चोख असा हा माणूस त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता.

१९८६ ते १९९२ या काळात त्यानं ११ शाळकरी मुलांचे खून केले. पहिला एप्रिल १९८६ मध्ये, मॉस्कोच्या उत्तरेकडच्या लोकल मार्गावरच्या एका स्थानकाजवळच्या जंगलात. दुसरा त्याच वर्षी जुलैमध्ये, ओदिन्त्सोवो जिल्ह्यातल्या 'पायोनियर' या सोव्हिएत बालसंघटनेच्या शिबिराच्या परिसरात. मग मोठा खंड पडला. पोलिसांना वाटलं, माणूस मेला किंवा दुसऱ्या गुन्ह्यात आत गेला. प्रत्यक्षात त्यानं दरम्यान मोटार घेतली आणि फार्मवरच्या गॅरेजखाली तळघर खोदलं. पुढचे खून बहुतांशी त्या तळघरात झाले. तिथं काय घडलं याची वर्णनं रशियन वर्तमानपत्रांनी चवीचवीनं छापली आहेत, ती इथे नकोत.

तपासाचं सगळ्यांत मोठं नुकसान एका टोपणनावानं केलं. १९८६ मध्ये शिबिरातल्या एका मुलानं सांगितलं, की जंगलात भेटलेल्या माणसाच्या हातावर 'फिशर' असं गोंदलेलं होतं. पोलिसांनी ते प्रमाण मानलं. गोंदवलेलं म्हणजे तुरुंगातून आलेला, म्हणजे जुना गुन्हेगार. यंत्रणा त्या दिशेला धावली. तो किस्सा पोरानं रचलेला होता, हे कळायला वेळ लागला. एव्हाना नाव सगळीकडे झालं होतं. आयांनी त्या नावानं मुलांना घरात कोंडलं, आणि अफवा कानावर आल्यावर खऱ्या खुन्यानंही आपल्या तावडीतल्या मुलांपुढे स्वतःला 'फिशर' म्हणवून घेतलं. पदवीधर, गुन्ह्याची नोंद नसलेला, सरकारी फार्मवर नोकरीला असलेला माणूस या चित्रात कुठे बसतच नव्हता.

तो सापडला तो गावातल्या पोरांमुळे. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यानं गोर्की-१० मधल्याच तीन मुलांना एकाच वेळी नेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मशरूम गोळा करणाऱ्यांना जंगलात मृतदेह सापडले. मुलं कोणाबरोबर जायची हे त्यांच्या सवंगड्यांना ठाऊक होतं. १९ ऑक्टोबर १९९२ रोजी अटक झाली, तळघर उघडलं गेलं, त्यानं कबुली दिली. बरोबर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, देहदंड सुनावला गेला.

इथून गुन्ह्याची गोष्ट संपते आणि जिच्यावर कमी लिहिलं जातं ती सुरू होते.

रशियात देहदंड रद्द करणं आणि परत आणणं हा जुनाच खेळ आहे. अठराव्या शतकातल्या सम्राज्ञीपासूनचं सोडून देऊ. क्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी तो आघाडीवरच्या सैन्यात रद्द झाला आणि लवकरच परतला. १९४७ मध्ये खुद्द स्टालिनच्या राजवटीत शांतताकाळापुरता रद्द झाला. १९५० मध्ये देशद्रोह, हेरगिरी आणि घातपातासाठी, १९५४ मध्ये गंभीर खुनासाठी पुन्हा लागू. १९९३ च्या राज्यघटनेनं तो 'रद्द होईपर्यंत' अपवादात्मक शिक्षा म्हणून ठेवला, आणि आरोपीला ज्यूरीपुढे खटला चालवून घेण्याचा हक्क दिला. ज्यूरी मात्र तेव्हा मोजक्याच प्रांतांत सुरू झाली होती. ही ज्यूरीची अट पुढे अनपेक्षितपणे कामाला आली.

आता १९९६ चा घटनाक्रम नीट पाहावा. मानवी हक्कांसाठी बांधील असलेल्या युरोपीय देशांच्या परिषदेत (कौन्सिल ऑफ युरोप) २८ फेब्रुवारीला रशिया सामील झाला. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या वचनांत दोन गोष्टी होत्या. युरोपीय मानवी हक्क कराराच्या, देहदंड रद्द करणाऱ्या सहाव्या पूरक करारावर वर्षभरात सही आणि तीन वर्षांत संसदेची मंजुरी, आणि प्रवेशाच्या दिवसापासूनच शिक्षेच्या अंमलबजावणीला स्थगिती. स्थगितीला मुदत नव्हती, सवलत नव्हती. १६ मे रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी एक फर्मान काढलं. याच फर्मानाला आज लेखांतून, भाषणांतून 'स्थगितीचं फर्मान' म्हटलं जातं. त्यात स्थगिती नाहीच. शीर्षकात आहे ती देहदंडाचा वापर 'टप्प्याटप्प्यानं कमी करण्याची' भाषा. सरकारला विधेयक तयार करायला सांगितलंय, संसदेला शिफारस केलीय, पण ज्यांची शिक्षा कायम झाली आहे त्यांना गोळी घालू नका, असं वाक्य कुठेही नाही.

का नाही, याचं उत्तर दिनदर्शिकेत आहे. जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि समोर कम्युनिस्ट उमेदवार तुल्यबळ होता. रस्त्यावर खून-खंडण्यांचा काळ होता, चेचन्यात युद्ध चालू होतं. 'खुन्यांना जीवदान देणारा' अशी ओळख त्या उन्हाळ्यात कोणत्याच उमेदवाराला परवडणारी नव्हती. युरोपला दाखवायला एक कागद आणि मतदारांना दाखवायला दुसरा, असा तो व्यवहार होता. दुसऱ्या फेरीचं मतदान ३ जुलैला झालं, शपथविधी ९ ऑगस्टला. गोर्की-१० च्या खुन्याला त्या दोन तारखांच्या मध्ये मारलं गेलं.

त्याच्याविषयी सहानुभूती असण्याचं कारण नाही, पण वचनभंग हा वचनभंगच. आणि तो एकट्याचा नव्हता. १९९६ च्या पहिल्या सहामाहीत रशियात किमान ५३ जणांना देहदंड दिला गेला, असं युरोपीय परिषदेच्या संसदीय सभेनं जानेवारी १९९७ च्या ठरावात नोंदवलं आणि हे थांबलं नाही तर रशियन प्रतिनिधींचं सभासदत्व धोक्यात येईल असं बजावलं. त्या पन्नासावर माणसांची नावं कुणाला आठवत नाहीत. अकरा मुलांचा खुनी शेवटी आला म्हणून स्थगितीच्या इतिहासाला हा चेहरा मिळाला.

मग थांबलं कसं? रशियात देहदंडाची प्रत्येक फाइल, आरोपीनं दयेचा अर्ज केला असो वा नसो, राष्ट्राध्यक्षांपर्यंत जायची. एका लेखकाच्या अध्यक्षतेखालचा माफी आयोग शिफारस करायचा, अंतिम सही राष्ट्राध्यक्षांची. ऑगस्ट १९९६ नंतर त्यांनी या फायलींवर सह्या करणंच बंद केलं. होकार नाही, नकार नाही. नकार नाही म्हणजे अंमलबजावणी नाही. देशातला देहदंड थांबला तो असा, टेबलावर फायली पडून राहिल्यामुळे. आमच्या मते तरी हा रशियन प्रशासनाचा सर्वांत उपयुक्त आळस ठरावा.

'शेवटचा' या विशेषणालाही फाटे आहेत. अंमलबजावणी गुप्तपणे व्हायची. मृतदेह नातेवाइकांना देत नसत, पुरल्याची जागाही सांगत नसत. त्यामुळे काही ठिकाणी शेवटची तारीख २ ऑगस्टऐवजी २ सप्टेंबर छापलेली सापडते. शिवाय १९९७ मध्ये चेचन्याच्या फुटीर सरकारनं ग्रोझ्नीत शरियतच्या नावाखाली जाहीर देहदंड दिले. मॉस्कोच्या दृष्टीनं तो रशियाचाच प्रदेश, पण तिथले कायदे रशियाचे नव्हेत. त्यामुळे मोजणीत ते येत नाहीत.

पुढचं सगळं न्यायालयानं केलं, संसदेनं काही नाही. पूरक करारावर एप्रिल १९९७ मध्ये सही झाली. मंजुरी आजतागायत झाली नाही. २ फेब्रुवारी १९९९ रोजी घटना न्यायालयानं ज्यूरीचा धागा पकडला. सर्व प्रांतांत ज्यूरी नसेल तर समानतेचा भंग होतो, म्हणून तोवर कोणत्याही न्यायालयानं देहदंड सुनावू नये. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी वाट पाहत असलेल्या सातशेहून अधिक जणांच्या शिक्षा जन्मठेपेत किंवा २५ वर्षांच्या कैदेत बदलल्या. शेवटची ज्यूरी चेचन्यात १ जानेवारी २०१० पासून सुरू व्हायची होती, म्हणजे अडसर आपोआप दूर होणार होता. त्याआधी, १९ नोव्हेंबर २००९ रोजी, घटना न्यायालयानं दुसरा आधार दिला. करारावर सही आहे, इतकी वर्षं शिक्षा दिलेली नाही, त्यामुळे देहदंड न होण्याचा हक्क रुजला आहे आणि ही वाटचाल मागे फिरवता येणार नाही.

२०२२ मध्ये रशिया त्या परिषदेतून बाहेर पडला. ज्या सहीवर २००९ चा निकाल अंशतः उभा होता, तिचं आता काय, हा प्रश्न कायदेपंडितांत चघळला जातोय. निकाल कायम आहे आणि तो केवळ करारावर नव्हे, घटनेवरही टेकलेला आहे, असं एक बाजू म्हणते. पायाच गेला, न्यायालयानं फेरविचार करावा, असं दुसरी म्हणते. दंडसंहितेतली देहदंडाची कलमं कधी काढलीच गेली नाहीत. १९९७ पासून लागू झालेल्या संहितेत ती पाच प्रकारच्या गुन्ह्यांसाठी आजही आहेत.

देहदंडाच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा गोर्की-१० चा नाही, दक्षिणेतल्या रोस्तोव प्रांताचा आहे. तिथल्या रेल्वेमार्गांलगतच्या झाडपट्ट्यांत पन्नासहून अधिक खून करणाऱ्याच्या प्रकरणात, १९७८ मधल्या पहिल्या खुनाबद्दल आधी भलत्याच माणसाला गोळी घातली गेली. शेजारच्या बेलारूसमध्ये वितेब्स्कच्या परिसरात अशाच एका प्रकरणात चौदा जणांना चुकीची शिक्षा झाली आणि त्यांतल्या एकाला देहदंड.

देहदंडाच्या बाजूच्यांचा मुद्दा हिशेबाचा आहे. रशियात जन्मठेपेच्या कैद्याला २५ वर्षांनी पॅरोल मागता येतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये अटक झालेला गोलोव्किन जिवंत राहिला असता, तर ऑक्टोबर २०१७ मध्ये अर्ज करायला पात्र झाला असता. असे अर्ज बहुतेक फेटाळले जातात. तरी प्रत्येक अर्जाच्या सुनावणीची बातमी होते, आणि १९९९ मध्ये ज्यांची शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलली, त्यांना तर कुणाकडे अर्जही करावा लागत नाही. मुदत भरली की ते सुटतात.